तिन्ही फुल्या

दुपारी सव्वादोनला सगुणाने माझ्या टेबलावर एक दात ठेवला आणि म्हणाली, "हा पण तपासा."

दात कागदात गुंडाळलेला होता आणि कागद माझाच होता. वर माझ्या लॅबचा जांभळा शिक्का, खाली माझी सही, मधल्या छापील चौकटीत एकाखाली एक तीन आडव्या रेघा. दाताच्या मुळाचं रक्त त्या रेघांवर उतरून वाळलं होतं. खालच्या आळीतल्या माझ्या ह्या दहा बाय बाराच्या खोलीत लोकांनी काय काय आणून दिलं होतं त्याला सुमार नाही. एका बागायतदाराने माझी परीक्षा घ्यायला म्हशीचं मूत स्वतःच्या नावावर पाठवलं होतं आणि मी त्याला 'पाचवा महिना, जपून राहावे' असा रिपोर्ट दिला होता. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की ती खरोखर घडली की नाही हे आता माझं मलाच आठवत नाही. पण दात कधी कुणी आणला नव्हता. माझ्या जिभेवर लगेच आलंच, दाताचा डॉक्टर पलीकडच्या गल्लीत गो बाय. आणि तोंड उघडून मी वर बघितलं तेव्हा ते तिथेच थिजलं. तिचा डावा गाल एवढा सुजला होता की त्या बाजूचा डोळा कुणी शिवून टाकल्यासारखा दिसत होता. ओठ फाटलेला. आणि पोलक्यावर पुढे दोन ओले गोल, बशीएवढे. स्पिरिट, फिनेल, रक्त, सगळ्या वासांना सरावलेल्या माझ्या नाकाला पहिल्यांदा वास आला तो दुधाचा.

"कुणी केलं हे?"

"तुमच्या रिपोर्टानं," ती म्हणाली.

ती रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सांगत होती ते गाडीचा टायम सांगावा तसं. "तिन्ही हजर हायत म्हणे माझ्यात. परमा, गरमी न् चांदी. बोट दुरुस्तीला लागलेय, तो घरातच. रोज तेच, रोज मार. परवा सासूबायनं राहीला काढून घेतलंन माझ्याकडनं. म्हणते, तुझ्या दुधात गरमी उतरली, पोरीचं वाटोळं करशील. बोळ्यानं शेळीचं दूध पाजते. सहा महिन्यांची पोर, भाऊ, शेळीच्या दुधानं रात्रभर रडते आणि मी पडवीत पडून माझं दूध पिळून केळीच्या बुंध्यात टाकते. आज संध्याकाळच्या गाडीनं मला हर्ण्याला माहेरी धाडतायत. एकटीला. ट्रंक बाहेर टाकलीन सकाळी. मी ट्रंकेला हात लावला नाय म्हणून हा." तिने दाताकडे हनुवटी केली. "मला दुसरा कागद द्या. कुणालाही वाचता येईल असा. काय असेल ते असूदे, पण नीट लिवा. माझी पोर मला पायजे."

मी कागद उलगडून धरला होता. तीन रेघा. त्या रेघांचा अर्थ मला ठाऊक होता, आणि त्या रेघा मिरकरवाड्यात, बंदरावरच्या तिच्या वस्तीत, कशा वाचल्या गेल्या हेसुद्धा मला ठाऊक होतं, आणि ते मला आत्ता कळत नव्हतं, अकरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. ह्या शेवटच्या वाक्यापाशी माझं मन आलं की डास हाकलावा तसा मी हात हलवायचो. त्या दिवशी दादू ह्याच खुर्चीवर बसला होता. दादू म्हणजे सगुणाचा नवरा, ट्रॉलरवरचा तांडेल. बोट त्याच्या हुकमाने चालते, खलाशी त्याच्या शिवीने. खांदे असे की दारातून तिरका होऊन आत आला. आठ-आठ दिवस बोट बाहेर, कधी गोव्याच्या बंदराला, कधी खाली मलप्याला. आणि गेल्या फेरीनंतर त्याला लघवीला निखारे ओतल्यासारखं व्हायला लागलं होतं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला न तपासता नवरा-बायको दोघांची नावं एकाच चिठ्ठीवर लिहिली आणि बाहेरख्यालीतून लागणाऱ्या तिन्ही गुप्तरोगांची तपासणी एकदम करायला सांगितली. एक रोग निघाला की माणसं त्याचं औषध घेतात आणि बाकीचे दोन अंगात सुखाने नांदतात, असं त्यांचं म्हणणं. मी रक्तं काढली, डॉक्टरांनी पाठवलेल्या काचा रंगवल्या, मायक्रोस्कोपाखाली घातल्या. बायकोच्या काचेवर काही नाही, रक्तात काही नाही. नवऱ्याच्या अंगात मात्र जत्रा भरली होती. तिन्ही रोग एका देहात, एका वेळी; असा माणूस मी जन्मात दोनदाच पाहिला आणि पहिल्याबद्दल मी थोडं वाढवून सांगतो.

रिपोर्टात मी शब्द लिहीत नसे. आहे त्याला अधिकचं चिन्ह, नाही त्याला उण्याचं. डॉक्टरला तेवढं पुरतं आणि माझी शाई वाचते. घाईत काढलेला माझा अधिक एका अंगावर कलतो, त्याची फुली होते. तर दादूने दोन्ही कागद हातात घेतले, रोगांची नावं कुठल्या ओळीत कुठली ते मला बोटाने दाखवायला लावलं, आणि स्वतःचा कागद बघता बघता त्याचं तोंड सैल झालं. "तिन्ही फुल्या!" तो म्हणाला. "एकपण चढला नाय!" मग दुसरा कागद. तीन रेघा. त्याच्या मानेवरची शीर मी उठताना पाहिली, रबराची पट्टी बांधल्यावर उठते तशी. "हिच्यात तिन्ही हजर," तो अगदी हळू म्हणाला, कागद घडी करून टोपीत घातले आणि तिरका होऊन बाहेर गेला.

मिरकरवाड्यात वावरलेल्या कुणालाही ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तांडेलाकडे बोटीची वही असते. खलाशी बोटीवर चढला की नावापुढे आडवी रेघ. चढला नाही, ताप भरला, पळून गेला, वादळात पाण्यात गेला, की फुली. रेघ म्हणजे माणूस आहे. फुली म्हणजे नाही. बाराव्या वर्षापासून दादूने दुसरं काही वाचलं नव्हतं. धक्क्यावर चहा पीत मी ती वही शंभरदा उघडी पाहिली होती. म्हणजे तो दारातून बाहेर पडायच्या आत माझ्या डोक्यात लख्ख पडलं होतं. एक हाक मारली असती, "अरे तांडेल, उलटं, उलटं!" तर झालं असतं. हाक गळ्यापर्यंत आली होती आणि तिच्या आधी हसू आलं. इतकी फक्कड गोष्ट आपल्या पायांनी चालत खोलीत येते कधी? तिन्ही रोग अंगावर घेऊन छाती काढून चाललेला माणूस! मी स्वतःला सांगितलं, आता तो डॉक्टरकडे जाईलच, डॉक्टर सांगतील, अर्ध्या तासाचा प्रश्न. आणि ज्याला रोगच नाही तो डॉक्टरकडे कशाला जाईल, हा विचार मी शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायचं टाळावं तसा टाळला. त्याच संध्याकाळी हॉटेलात ती गोष्ट मी सांगितली. नाव घेतलं नाही. माझ्या धंद्याची अब्रू मी अशी राखतो. दुसऱ्या दिवशी सांगितली तेव्हा एका तांडेलाचे सात खलाशी झाले होते आणि साती जण फुल्या मिरवत, फटाके लावत घरी गेले होते. टेबलावर हात आपटून लोक हसले. एकाच्या नाकातून चहा आला. नेमकं त्या वेळी मिरकरवाड्यातल्या कौलाखाली सगुणा किती मार खात होती हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकतो. पण मला दादूच्या मानेवरची शीर माहीत होती.

"तुझ्यात काही नाही," मी म्हणालो.

"काय नाय?"

"तिन्ही नाहीत. रेघ म्हणजे नाही. फुली म्हणजे आहे. जे आहे ते त्याच्यात आहे."

ती उभी होती तशीच राहिली. उघड्या डोळ्यातली बाहुली फक्त बारीक झाली, उजेडात होते तशी. मला वाटलं रडेल. ती टेबलाला धरून हळूहळू खाली उकिडवी बसली आणि पुढ्यातल्या फरशीवर बोटाने एक रेघ ओढली, तिच्यावर दुसरी आडवी ओढली, आणि तळव्याने दोन्ही पुसल्या. "अकरा दिवस," ती म्हणाली. मग मान वर करून, "तो उलटं वाचतोय हे तुमाला तेवा कळलं नाय?"

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात मी हजारो थापा मारल्या, समुद्राएवढ्या, डोंगराएवढ्या, आणि एकीचंही मला वजन झालं नव्हतं. ह्या दोन अक्षरांचं झालं.

मी कागद लिहायला घेतला. लिहिता लिहिता लक्षात आलं की ह्याचा काही उपयोग नाही. घरात कागद हातात घेणारा एकटा दादू, आणि अक्षर येत नसलं तरी तोच वाचून दाखवणार, हवं तसं. त्याच्या समोर उभं राहून कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे मी. चव्वेचाळीस साली पुण्याच्या लष्करी इस्पितळात मी हे काम शिकलो तेव्हा गोऱ्या सार्जंटाने एका पोरसवद्या शिपायाला परम्याच्या रिपोर्टावरून बुटाने तुडवताना पाहिलं होतं. रिपोर्ट मीच नेऊन दिला होता. सार्जंटाने तो वाचला, चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि मग शांतपणे सुरुवात केली. ही गोष्ट मी हॉटेलात सांगतो तेव्हा शेवट असा करतो की पुढे त्या शिपायाच्या बरगड्यांचा वेगळा रिपोर्ट काढावा लागला, आणि लोक हसतात. तो शिपाई मार खाताना सार्जंटाकडे बघत नव्हता, दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होता, हे मी सांगत नाही.

मायक्रोस्कोप मी कपाटातून काढला आणि टॉवेलात गुंडाळला. का, ते तेव्हा नीट उमगलं नव्हतं. त्या दोघांच्या रंगवलेल्या काचा लाकडी खोक्यात होत्या. त्या, तेलाची बाटली आणि लिहिलेला कागद खिशात घातला. "चल," मी म्हणालो. सगुणा दात उचलायला वळली, मग त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करून चालायला लागली. उन्हाने जांभा तापून लाल वाफ मारत होता. सहा किलोचं पितळ पोटाशी धरून मी तिच्या मागे चाललो होतो आणि तिच्या पाठीवर, पोलक्याच्या खाली, दोरखंडाचे वळ पदरातून दिसत होते. नवे जांभळे, जुने पिवळे पडत चाललेले. रक्त त्वचेखाली सांडलं की किती दिवसांनी कुठला रंग धरतं ते मला पाठ आहे. मी ते न ठरवता वाचत गेलो. दोन दिवसांचा, पाच दिवसांचा, नऊ दिवसांचा. सगळे माझ्या सहीनंतरचे. आणि मधेच मला माझी बायको आठवली, मालन, तिचा गोरा दंड. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि समोरच्या माडीवरचा एक पेटीवाला संध्याकाळी खिडकीत बसून वाजवायचा. मी मालनला म्हटलं, तुझ्या अंगात रक्त कमी दिसतं, बघूया. तिने विश्वासाने हात पुढे केला. मी तिच्या रक्तात गरमी शोधली. नव्हती. मी तिला लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. पुढे कधीतरी माझ्या लॅबच्या वहीत तिला स्वतःचं नाव सापडलं, आणि पुढच्या रकान्यात तपासणीचा प्रकार. तिने आदळआपट केली नाही. त्या दिवसापासून मला तिचा दंड दिसला नाही, इतकंच. मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतलीन, वैशाखातसुद्धा. मी तिच्यावर हात कधी उगारला नाही हे मी लोकांना अभिमानाने सांगत असतो.

धक्क्यावर बोटी लागल्या होत्या आणि लिलाव रंगात आला होता. बर्फ, डिझेल, म्हाकुळ माशांची शाई. लिलाव पुकारणारा बाबल्या एका खोक्यावर उभा राहून बांगड्याच्या राशीवर ओरडत होता. मला बघून त्याने लिलाव मधेच तोडला. "आले! गंगारामभाऊ आले! टॉवेलात काय बांधलंव, कुणाचं मुंडकं?" बायका हसल्या. दादू बोटीच्या तोंडाशी सोटा घेऊन बर्फाची लादी फोडत होता. पलीकडे त्याची आई येसूबाई पाटी पुढ्यात घेऊन सुरमईचे कल्ले उघडून बघत बसली होती, आणि तिच्या पाठीमागे जाळ्याच्या सावलीत रिकाम्या पाटीत चिंध्यांवर ती पोर. रडून रडून नुसता खरखरीत आवाज येत होता. तो आवाज ऐकला आणि सगुणाच्या पोलक्यावरचे ओले गोल माझ्या डोळ्यांदेखत मोठे झाले.

"ट्रंक उचललीस?" दादूने सोटा न थांबवता विचारलं.

मी पुढे झालो. जन्मभर चार माणसं दिसली की माझा आवाज आपोआप चढतो, हात हलायला लागतात. तसेच हलायला लागले. "तांडेल, एक चूक झाली. कागद उलटा वाचला गेला. फुली म्हणजे रोग हजर. रेघ म्हणजे गैरहजर. ह्या बाईच्या अंगात काही नाही. तिन्ही तुझ्या अंगात आहेत."

क्षणभर बर्फ फुटायचा आवाज थांबला. आणि मग बाबल्या खोक्यावरच वाकून हसायला लागला. "अरे ही तर हॉटेलातली! दहा-अकरा दिवस ऐकतोय! फुल्या मिरवणारा तांडेल! पण भाऊ, तुमच्या गोष्टीत सात खलाशी होते, बाकीचे सहा खंय बुडवलात?" हसणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. सगळ्यांना गोष्ट ठाऊक होती. इतकी वर्षं मी ह्या लोकांना हसवून हसवून असं तयार केलं होतं की माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं तर त्याला बसायला जागाच नव्हती. मी ओरडलो, "खरं सांगतोय, आईशप्पथ!" आणि ते आणखी हसले, कारण म्हशीच्या गोष्टीतही मी ह्याच ठिकाणी आईची शपथ घेतो. फक्त सगुणा हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. दहा-अकरा दिवस, हे शब्द तिने ऐकले होते. तिच्या एका उघड्या डोळ्यात हिशेब होताना मला दिसला, आणि तो संपल्यावर तिने तो डोळा माझ्यावरून काढून घेतला, तो परत दिला नाही.

सोट्याचा पहिला फटका मला दिसलाच नाही. खांद्यात काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडलं ते आधी ऐकू आलं, मग दुखलं. मी गुडघ्यावर आलो, मायक्रोस्कोप पोटाखाली. दुसरा फटका पाठीत. "माझी गोष्ट करतोस?" दादू म्हणत होता, "हॉटेलात माझी गोष्ट करतोस?" आणि प्रत्येक शब्दाला एक. ओल्या फरशीवर गाल टेकला होता. समोर एक बांगडा, त्याचा गोल डोळा, त्यात मी. मार खाताना माणूस काय विचार करतो ह्याबद्दल मी पुष्कळ सांगितलं आहे. मी विचार करत होतो की सहाशेच्या भिंगाला तडा जाऊ नये. चौघांनी दादूला मागे खेचलं तेव्हा तोंडात खारट आलं होतं, आणि बरं वाटत होतं, अगदी लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं, जणू आता फिटलं. तेवढ्यात पोर खरखरली. काहीच फिटलं नव्हतं.

"येसूबाई," मी खालूनच म्हणालो, "माझं खरं मानू नको. तू तुझ्या डोळ्यांनी बघ."

ती म्हातारी सुरमई हातात धरून माझ्याकडे बघत होती. पन्नास वर्षं ती कल्ला उघडून मासा ताजा की नासलेला ते सांगत आली होती. सबंध धक्का तिच्या डोळ्यावर मासळी घ्यायचा, कानावर नाही. माझा डावा हात उचलत नव्हता. मी सांगत गेलो आणि सगुणाने मायक्रोस्कोप पालथ्या खोक्यावर ठेवला, माझ्या खिशातून काचा काढल्या, एकीवर तेलाचा थेंब सोडला. मी उजव्या हाताने आरसा उन्हाकडे फिरवला, भिंग तेलाला टेकेपर्यंत उतरवलं. हसणं आता थांबलं होतं. "ही सगुणाची," मी म्हणालो. येसूबाईने हात पदराला पुसले, एक डोळा मिटला, दुसरा लावला. बराच वेळ. "गुलाबी चिखल हाय," ती म्हणाली. "आणखी काय नाय." मग दुसरी काच. ती मी तिच्यासमोर धरली, काचेवर हिऱ्याच्या टोकाने कोरलेलं नाव बाबल्याकडून वाचवून घेतलं. बाबल्याने वाचलं, ह्या वेळी हळू: "दादू."

म्हातारी वाकली. तिच्या कानातल्या बुगड्या हलायच्या थांबल्या.

"पावट्याचे दाणे," ती म्हणाली. "दोन-दोन. जोडीनं. चिखलात भरलेत. किती रे हे?"

"ते जिवंत माणसाच्या अंगातले आहेत," मी म्हणालो. "तोच परमा. बाकीचे दोन रोगही त्याच्याच कागदावर आहेत."

"थेरडे, हो मागे," दादू म्हणाला. पण आवाज फाटला होता. त्याच्या मागे उभे असलेले खलाशी एकेक करून त्याच्यापासून हातभर लांब झाले, आणि मग एकमेकांपासूनही झाले. येसूबाई सरळ झाली. तिने हातातली सुरमई शेपटाला धरून फिरवली आणि मुलाच्या थोबाडात मारली. ओल्या कपड्याचा पिळा दगडावर आपटावा तसा आवाज झाला. पुन्हा मारली. तिसऱ्याला मासा मधे फाटला. "पोरीला शेळीचं पाजलंय मी," ती म्हणाली, "तुझ्या वाचनावर. माझ्या हातानं पाजलंय." दादूने आईवर हात उचलला नाही. तो उचललेला हात कुठेतरी जायला हवा होता. त्याने खोक्यावरून मायक्रोस्कोप उचलला, डोक्यावर नेला आणि फरशीवर आपटला. मग नळी मोडून सोट्याने भिंगं एकेक ठेचली, कोळंबीची डोकी ठेचावीत तशी, बारीक पूड होईपर्यंत. त्यातून ऊन उडत होतं. सगळे बघत होते, पण कुणी मधे आलं नाही. ठेचून झाल्यावर तो त्या पुडीकडे बघत उभा राहिला, लघवीला लागल्यासारखा दोन्ही पाय जवळ घेऊन, आणि मग बोटीवर चढून आत गेला.

येसूबाईने पाटीतून पोर उचलली, दोन्ही हातांवर धरली आणि सुनेपुढे केली. माफी मागायची असते हे तिला माहीत असेल, पण तिच्या तोंडाला वळण नव्हतं. सगुणाने पोर घेतली. ती चार पावलं पलीकडे गेली, दोरखंडाच्या वेटोळ्यावर आमच्याकडे पाठ करून बसली आणि पदर ओढला. त्या खरखरीत रडण्याचा आधी श्वास अडकला, मग ते तुटलं, आणि मग गटगट गिळल्याचा आवाज यायला लागला, इतका मोठा की मला माझ्या जागी ऐकू येत होता. बाबल्याने खाकरून पुन्हा लिलाव सुरू केला. लोकांनी माझ्याकडे बघणं सोडलं.

मी तिथून निघून जाऊ शकलो असतो. खांद्याचं हाड मोडलेलं, धंद्याचं हत्यार पुडीत पडलेलं, अंगावर मार. कुणी मला थांबवलं नसतं. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट होती आणि ती सांगितल्याशिवाय, निदान एकदा, वेळेवर सांगितल्याशिवाय मला जाता येत नव्हतं. मी फरफटत तिच्या मागे जाऊन बसलो.

"पाज," मी म्हणालो. "दुधाला धक्का नाही. पण बाय, तुझं रक्त काढलं त्याला अकरा दिवस झाले. माझा रिपोर्ट त्या दिवसाचा होता. नंतरचा नाही." ती हलली नाही. "म्हणजे त्यानंतर जर तो तुझ्याजवळ... उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. सुई घ्यावी लागेल, तुलाही आणि त्यालाही. तुझं रक्त पुन्हा तपासावं लागेल. म्हणून विचारतो. त्यानंतर तो कधी आला होता?"

मला ती पाठच दिसत होती, आणि तिच्यावरचे ते वळ, जांभळे, हिरवे, पिवळे. पोर गिळत होती. सगुणाने तिला एका अंगावरून काढून दुसऱ्या अंगाला लावली, पदर सारखा केला, आणि मान न वळवता, समोरच्या पाण्याला सांगितल्यासारखी म्हणाली,

"मारून झाल्यावर. रोज."